बाटली ओतण्याआधी झाकण उघडा

(जिल्हा बैठकीच्या सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते महाड तालुक्यातील वरंध परिसरातले भातशेतकरी असून गेली अनेक वर्षे स्वतःची जीप चालवतात.)



मी कोकणातला भातवाला. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट आहे, त्याच्या पायथ्याचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीसुद्धा शिमगा झाला की आमच्या बायका हंडे घेऊन वणवण फिरतात. त्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्यात तुम्ही कापूस आणि ज्वारी काढता. तेव्हा शेती कशी करावी हे मी तुम्हाला सांगावे, हा उद्धटपणा होईल. तो मी करणार नाही. मी इंजिनाबद्दल बोलणार आहे.

हा विषयसुद्धा मी घरून आणलेला नाही, काल रात्री इथेच मिळाला. ज्यांच्या घरी मुक्कामाला होतो त्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे. दुसऱ्या हाताने घेतलेला, तासांचा काटा बंद पडलेला. ओसरीच्या कोनाड्यात फवारणीच्या औषधांच्या डब्यांशेजारी एक चकचकीत बाटली दिसली. इंजिन आतून धुण्याचे औषध. तालुक्याच्या दुकानदाराने दिली होती, जुन्या इंजिनाला नवा जोर येतो म्हणून. यजमान मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही जीपवाले. सांगा बरं, हे टाकू का नको?"

मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. म्हटले, उद्या सगळ्यांसमोरच सांगतो, कारण अशी बाटली तुमच्यापैकी आणखी कुणाच्या ना कुणाच्या कोनाड्यात असणार.

मी अशी एक बाटली ओतलेली आहे. ती हकीगत आधी सांगतो.

साल २००९. माझी डिझेल जीप तेव्हाच जुनी होती. मीटरला पाचच आकडे. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा शून्य. ते किती वेळा फिरले होते हे आधीच्या मालकालाच ठाऊक, आणि विकणारा माणूस मीटरबद्दल कधी खरे बोलत नाही. महाड, बिरवाडी, वरंध, शिवथर असे आमचे वडाप. तुम्ही ज्याला काळीपिवळी म्हणता ते. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्या आठ-दहा दिवसांत आमची वर्षाची वरकमाई. म्हणून शिमग्याआधी गाडी नीट करून घ्यावी असे मनात आले. इंजिन थोडे ऑइल खात होते, सकाळी धूर मारत होते. एका दुकानात बाटली मिळाली. गॅरेजवाल्याने गरम इंजिनात ती जुन्या ऑइलमध्ये ओतली, दहा मिनिटे स्लोवर चालू ठेवले आणि चेंबरचा नट सोडला. जे पडले ते डांबरासारखे. आम्ही दोघे ते बघून खूश. एवढी घाण निघाली म्हणजे इंजिन स्वच्छ झालेच असणार! नवा फिल्टर, नवे ऑइल. इंजिनाचा आवाजसुद्धा मऊ वाटला.

चौथ्या दिवशी भोरचे भाडे होते. गाडीत एक आजोबा होते, पुण्याला त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. माझेरी सोडली, घाट लागला. वाघजाईच्या देवळापर्यंत सगळे ठीक. तिथून पुढच्या वळणावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. आता इथे माझी चूक ऐका, कारण बाटलीपेक्षा ती मोठी आहे. मी काटा बघितला आणि मनाशी म्हटले, काटाच खराब झाला असेल. ऑइल तर कालच नवे घातले आहे, प्रेशर कसे जाईल? गाडी थांबवली नाही. माथ्यावर पोचायच्या आत खालून ठक्‌ ठक्‌ असा आवाज सुरू झाला. तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. कनेक्टिंग रॉडचे बेरिंग गेले होते. आजोबांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले, पण ती गाडी मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्यांची तारीख चुकली. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली. तेवढे महिने ते एका डोळ्याने चालले. मी रोज त्यांच्या घरासमोरून जात होतो.

इंजिन खोलले तेव्हा कारण कळले. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाची जाळी असते. पंप तिच्यातून ऑइल ओढतो आणि सगळीकडे पाठवतो. ती जाळी काळ्या पापुद्र्यांनी बुजून गेली होती. तव्यावर करपलेल्या भाकरीचे पापुद्रे सुटतात ना, अगदी तसे. बाटलीतल्या औषधाने वर्षांची जुनी खरड सैल केली. दहा मिनिटांत विरघळली ती विरघळली, नटाच्या भोकातून बाहेर पडली. जी विरघळली नाही, नुसती सैल झाली, ती चार दिवसांत सुटून जाळीवर जाऊन बसली. क्रँक घासावा लागला, बेरिंग नवी, रिंगा नव्या. चौतीस हजार रुपये गेले. शिमगाही गेला. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, बाटलीवर लिहिलेले सगळे तुम्ही केले का? मी म्हटले, केले. तो म्हणाला, मग इंजिनच जुने असणार!

आता त्या बाटलीत असते काय, ते बघू. बहुतेक बाटल्यांत रॉकेलच्या जातीचे पातळ द्रव्य असते आणि त्यात थोडा साबण, म्हणजे मळ सोडवणारे रसायन. आपले बापजादे रेशनचे रॉकेल नाहीतर डिझेल इंजिनात ओतून तेच करायचे. बाटली त्यापेक्षा बरी, एवढे मी प्रामाणिकपणे सांगतो. तिचे माप अर्ध्या लिटरच्या आत असते, त्यामुळे ऑइल फार पातळ होत नाही. सहा लिटर ऑइलमध्ये अर्धा लिटर बाटली ओतली आणि नट सोडल्यावर अर्धा लिटर आत चिकटून राहिले, तर त्यात बाटलीचा माल चाळीस मिलिलिटरच्या आत. तेवढ्याने नवे ऑइल बिघडत नाही. पण कुणी दोन-दोन लिटर रॉकेल ओतून इंजिन फिरवतो, त्याने तर बेरिंगवरची ऑइलची फिल्मच काढून टाकली. बेरिंग आणि क्रँक यांच्यात केसापेक्षाही बारीक फट असते. ऑइल तिथे गादीसारखे असते. गादी काढली की लोखंडावर लोखंड.

म्हणजे धोका बाटलीतल्या रसायनाने इंजिन जळून जाईल हा नाही. धोका हा की जुन्या इंजिनात किती खरड साचली आहे हे न बघता आपण ती एकदम सोडवतो. फिल्टर आहे ना, असे कुणी म्हणेल. फिल्टरला आत एक झडप असते. फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून ती उघडते आणि न गाळलेले ऑइल तसेच बेरिंगकडे जाते. आणि जाळी तर पंपाच्याही आधी, तिथे फिल्टरचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, जुन्या इंजिनात ऑइल सील झिजलेले असते. तिथे साचलेली घाणच कधी कधी बूच होऊन बसलेली असते. ती धुतली की दुसऱ्या दिवशी गाडीखाली डाग. मग लोक म्हणतात, औषधाने सील खाल्ले. सील आधीच गेलेले होते, औषधाने फक्त उघडे पाडले.

आता एक मोठा गैरसमज. ऑइल बदलले आणि दोन दिवसांत काळे झाले की आपण म्हणतो, ऑइल भेसळीचे, नाहीतर इंजिन आतून घाण. डिझेल इंजिनात ऑइल काळे होणारच. डिझेल जळताना काजळी होते, ती रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. चांगले ऑइल ती काजळी अंगावर घेते, बारीक कण सुटे सुटे ठेवते आणि बदलताना आपल्याबरोबर बाहेर घेऊन जाते. काळे ऑइल म्हणजे काम करणारे ऑइल. ऑइल महिनोन्‌महिने काळे होत नसेल तर उलट विचारा, की काजळी गेली कुठे?

ही मळ धरण्याची ताकद ऑइलमध्ये आली कशी, तर ट्रॅक्टरमुळे. १९३१ साली अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने डिझेलचा ट्रॅक्टर बाजारात आणला. तेव्हाचे ऑइल म्हणजे नुसते खनिज तेल. डिझेलच्या उष्णतेत त्याची खरड व्हायची आणि पिस्टनच्या रिंगा खाचेतच चिकटून बसायच्या. म्हणून १९३०च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातल्या तेल कंपनीने धातूचा साबण मिसळलेले ऑइल तयार केले. आज तुम्ही १५ डब्ल्यू ४० म्हणून जे साधे डिझेल ऑइल घेता, त्यात असा साबण पहिल्यापासून असतोच. शिवाय डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल होते, ते मारायला त्यात अल्कली असते. आमच्या तांबड्या जमिनीत आम्लता मारायला चुना टाकतात, तोच प्रकार. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. २०१७ पासून देशभर दहा लाख भागांत पन्नासवर आणि २०२० च्या एप्रिलपासून दहावर आले. जुन्या इंजिनालाही त्याचा फायदा मिळाला.

मग दुकानदार बाटलीतून मळ सोडवणारे जे रसायन वेगळे विकतो, त्याच जातीचे रसायन ऑइलमध्ये तुम्ही आधीच विकत घेतलेले आहे. फरक वेगाचा. ऑइल तेच काम हळूहळू करते आणि सुटलेली घाण बारीक करून धरून ठेवते.

कुणी विचारेल, मग धुवायचे कधीच नाही का? तसे नाही. मी स्वतः तीनदा धुतले आहे, एकाच दिवसात. २२ जुलै २०२१. ती तारीख आमच्या तालुक्यात कुणी विसरणार नाही. त्या दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसे गेली. त्याच पावसात सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या. त्यापुढे गाडीचे दुःख ते काय, म्हणून मी ते कधी बोललो नाही. पण विषय निघाला म्हणून सांगतो. माझी जीप महाडात उभी होती, बॉनेटवरून पाणी गेले. पाणी ओसरल्यावर लोकांनी घाईघाईने चाव्या फिरवल्या. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. चालू गाड्या त्या एका चावीने गेल्या. मी चावी फिरवली नाही. गाडी ओढून आणली, नोझल काढली, हाताने क्रँक फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढले. चेंबरचा नट सोडला तर आधी पाणी पडले आणि मागून दुधाच्या चहासारखे ऑइल. मग स्वस्तातले नवे ऑइल घालून पाच-सात मिनिटे स्लोवर चालवले आणि काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा रंग ऑइलचा आला. मग चांगले ऑइल, नवा फिल्टर, आणि दोनशे किलोमीटरनंतर तेही बदलले. जीप आजही चालते.

ते धुणे बरोबर होते, कारण ती घाण कालची होती. पाणी आणि गाळ, कुठे चिकटलेला नाही, आतच राहिला तर दोन दिवसांत बेरिंग गंजवणारा. वर्षांची खरड वेगळी. ती वर्षांनी बसली, तिला महिन्यांनी उतरवा.

आणि आता तुमच्याकडची गोष्ट, जी त्या दुकानदाराने सांगितली नाही. आमच्या इंजिनातली घाण आणि तुमच्या इंजिनातली घाण एक नाही. आमच्याकडे दमट हवा, थांबत थांबत छोट्या फेऱ्या, इंजिन पुरते तापत नाही, म्हणून ऑइलमध्ये पाणी धरते आणि चिकट गाळ होतो. तुमच्याकडे धूळ. काल येताना बघितले, रस्त्याच्या कडेला ज्वारीची मळणी चालली होती. ट्रॅक्टर एका जागी उभा, मळणीयंत्र त्याच्यावर चाललेले, आणि सगळा भुसा वाऱ्याने ट्रॅक्टरच्याच तोंडावर. त्या धुळीत बारीक वाळू असते. एअर क्लीनर भरला की ती लायनरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. मग ऑइल खाणे, निळा धूर, ब्रीदरमधून वाफा. झिजलेले लोखंड कोणत्याही औषधाने धुऊन भरून येत नाही. तुमच्यापैकी ज्यांचा ट्रॅक्टर ऑइल खातो, त्यांच्यातल्या बहुतेकांना रोग लायनरचा असेल आणि ते औषध देत असतील मळाचे.

जुन्या ट्रॅक्टरांना ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज सोडून बघा. तळाशी चिखल बसला असेल तर ऑइल फेकून वाटी पुसून नवे घाला, खुणेपर्यंतच. कागदी फिल्टर असेल तर कापसाचा तंतू आणि भुसा त्यावर बसतो. तो आपटून साफ करताना कागद फाटला तर तसाच परत बसवू नका. नळीचे क्लिप ढिले असले तरी धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे. बाटली विकणाऱ्याला त्यात काही मिळत नाही, म्हणून ते कुणी सांगत नाही. कापसावर पांढरी माशी कशी वाढली आठवा. १९८०च्या दशकात आंध्रात गुंटूरकडे बोंडअळीसाठी पायरेथ्रॉइड मारले, मित्रकीटक मेले आणि माशीचा उद्रेक झाला. डब्यावर मारायच्या किडीचे नाव होते, त्या माशीचे नव्हते.

तर जुने इंजिन असेल, मागचा हिशेब माहीत नसेल, तर मी काय करतो ते सांगतो. आधी बघतो. ऑइल घालायचे झाकण काढून आत बोट फिरवतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट सोडून कव्हर उचलतो. कडेला नवे पॅकिंग तयार ठेवतो. आत पातळ काळे ऑइल आणि खाली लोखंड दिसत असेल तर इंजिन स्वच्छ आहे, काही ओतायची गरज नाही. अशा इंजिनात बाटली ओतली तरी नुकसान नाही आणि फायदाही नाही. बोटाने खरवडून निघेल असा जाड थर असेल, तर बाटलीला हातसुद्धा लावू नका. पिवळसर दुधाळ फेस असेल तर पाणी येते आहे, हेड गॅस्केट बघा. आणि पट्टीवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. पंप आणि नोझल दाखवून घ्या, आधी ते, मग बाकीचे. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून कागद उघडून बघतो. चमकणारा चुरा असेल तर बेरिंग बोलते आहे.

जाड थर असेल तर जीपचे चेंबर सोडून जाळी काढतो आणि बाहेर डिझेलने ब्रश मारून धुतो. रॉकेल-डिझेल लागेल तेवढे वापरा, पण बाहेर, ताटलीत. इथे ट्रॅक्टरवाल्यांना एक सूचना. पुष्कळ ट्रॅक्टरांचे चेंबर बिडाचे असते आणि पुढच्या धुऱ्याचा भार त्यावर असतो. ते घरी जॅक लावून सोडायच्या भानगडीत पडू नका, माणूस खाली चिरडेल. ते काम वर्कशॉपमध्येच.

त्यानंतर पुस्तकात लिहिले आहे त्याच दर्जाचे ऑइल घालतो, महागडे नाही. जीपला हजार-दीड हजार किलोमीटर, ट्रॅक्टरला पन्नास तास झाले की गरम असताना ते काढतो. पुन्हा नवे ऑइल, नवा फिल्टर. तेही ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यात बदलतो. त्या सगळ्या काळात नजर प्रेशरच्या काट्यावर. काटा पडला की तिथेच इंजिन बंद, घाट असो की बाजार असो.

खर्च किती? आज साधे डिझेल ऑइल लिटरला तीन-साडेतीनशेच्या घरात आहे. सात लिटर ऑइल आणि फिल्टर मिळून एका जादा बदलाला पावणेतीन हजारांच्या आसपास. बाटलीपेक्षा जास्तच, नाही म्हणत नाही. पण बाटली ओतल्यावरही ऑइल आणि फिल्टर बदलावेच लागतात, ते बाटलीच्या किमतीत कुणी धरत नाही. २०२० नंतरच्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी गाळणारी जाळी असते आणि तिला कमी राखेचे ऑइल लागते. त्यात पुस्तकाबाहेरचे काहीही ओतू नका. डिझेलच्या टाकीत टाकायच्या बाटल्यांबद्दल एवढेच सांगतो, की नोझल खराब वाटले तर ते काढून तपासून घ्या. आणि काढलेले जुने ऑइल विहिरीच्या वाटेवर ओतू नका, डब्यात धरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्या.

आता यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर. ट्रॅक्टर बाहेर लिंबाखाली आणून ठेवला आहे, मघापासून गार होतो आहे. जेवणाच्या सुटीत त्याचे टॅपेट कव्हर उघडणार आहोत. आत काय निघेल हे मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. बाटली मी खिशात ठेवली आहे, सील न फोडता. ज्यांना बोट घालून बघायचे आहे त्यांनी जेवायला बसायच्या आधी यावे, आणि कुणाकडे पान्यांचा सेट असेल तर घेऊन यावा, यजमानांचा एक पाना हरवला आहे.